बोरीच्या स्टँडवर फोडलेला शेवट

उल्कामानव शेवटी मरतो, असं मी बोरीच्या बसस्टँडसमोर भोंग्यातून तीन वेळा सांगितलं. चित्रपट त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी बारा वाजता परभणीत लागला होता. बोरीतल्या एकाही माणसाने तो पाहिलेला नव्हता. आणि शेवट काय आहे, असं मला कुणी विचारलेलंही नव्हतं.

चूक एवढीच. पुढचं सगळं ती निस्तरण्याबद्दल आहे.

माझा धंदा पुकाऱ्याचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, आत मशीन आणि बॅटरी ठेवायची, हातात माईक घ्यायचा आणि टॉकीजला कोणता चित्रपट लागला ते गावोगाव सांगत फिरायचं. हल्ली हे काम पेनड्राइव्ह करतो. कुठल्या तरी स्टुडिओतल्या पोराचा घोटीव आवाज एकदा भरून घेतला की ऑटोवाला एकटाच फिरतो. पेनड्राइव्हला चहा लागत नाही, त्याचा घसा बसत नाही आणि तो बोरीच्या स्टँडवर शेवट फोडत नाही. तरीही आमच्या टॉकीजच्या मालकांनी मोठ्या चित्रपटाला मलाच बोलवायचं ठेवलं होतं. जुन्या माणसाची कदर म्हणून असेल, किंवा माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर होता म्हणून असेल. मी खोलात गेलो नाही.

लोकांना वाटतं, बोंबलायला काय लागतं? लागतं. एका घरासमोरून ऑटो जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चित्रपटाचं नाव, टॉकीजचं नाव आणि माणसाला घरातून उठवणारं एक वाक्य बसवावं लागतं. ऑटो फार जोरात गेली तर वाक्याचं शेपूट पुढच्या घराला मिळतं. वाऱ्याकडे पाठ करून बोलावं लागतं. मशिदीत अजान सुरू झाली, शाळेत परीक्षा असली, कुणाच्या दारात दुखवट्याला माणसं खाली बसलेली दिसली, की माईक बंद. खिशात कायम खडीसाखर. हे सगळे नियम मी प्रत्येकी एकदा मोडून शिकलो. एका पौराणिक चित्रपटाचा मजकूर मला ज्या कागदावर लिहून दिला होता, त्याच्या पाठीवर खताची जाहिरात होती. वाऱ्याने कागद उलटला आणि मी देवीच्या अवतारानंतर न थांबता ‘एकरी दोन पोती टाका’ असं अख्ख्या पेठेला बजावलं. लोकांनी मनावर घेतलं नाही. काहींनी घेतलं असेल.

पण मुख्य गोष्ट ते एक वाक्य. ते कुठून आणायचं? मी ते कधी स्वतः तयार केलं नाही, लोकांकडून घेतलं. माझी पद्धत अशी होती: पहिल्या दिवशीचा पहिला खेळ बघायचा, आणि संपायला पाच-दहा मिनिटं असताना उठून बाहेरच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. खेळ सुटला की बाहेर येणाऱ्या पहिल्या दहा माणसांची तोंडं बघायची आणि त्यांच्या तोंडातून निघेल ते पहिलं वाक्य पकडायचं. पहिली दहाच. त्यानंतरची माणसं एकमेकांचं ऐकून बोलतात. पहिली दहा इमानी. त्यांच्यातला एखादा म्हणतो, ‘आरं बापरे, सासू हाय का सैतान!’ झालं, माझी जाहिरात तयार. हा नियम मी स्वतः काढलेला होता आणि त्याचा मला गर्व होता.

आणि शेवट सांगून टाकायची खोड? तीसुद्धा अनुभवातून आलेली. फार वर्षांपूर्वी एक रडका कौटुंबिक चित्रपट लागला होता. पहिले तीन दिवस टॉकीजमध्ये कबुतरं. चौथ्या दिवशी मी पुकारलं, ‘बायांनो, शेवटी ती जाते! येताना रुमाल आणा, एकाने भागणार नाही!’ दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर भरभरून बाया आल्या. एक बाई तर बाहेर पडताना मला रागावली, ‘दोन म्हनायचं होतं ना, पदर भिजला सगळा.’ तेव्हापासून मी पक्कं धरलं की आपल्या लोकांना शेवट माहीत असला तर जास्त आवडतो. कीर्तनातल्या राजाचं पुढं काय होतं ते सगळ्यांना पाठ असतं, म्हणून कुणी कीर्तनातून उठून जातं का?

या सगळ्या शहाणपणासह मी उल्कामानव बघायला बसलो.

त्याआधी मी असला चित्रपट टॉकीजमध्ये नीट पाहिलेला नव्हता. हिंदीत बोलणारा एक परदेशी माणूस, अंगावर उल्का पडल्यामुळे त्याला शक्ती आलेली. हात पुढं केला की उजेड पडतो, उडी मारली की थेट ढगात. हा दुसरा भाग होता. पहिला भाग न पाहिल्यामुळे कोण कुणाचा वैरी हे मला मध्यंतरापर्यंत कळलं नाही, पण आजूबाजूची पोरं ज्याला शिट्ट्या मारत होती तो आपला, एवढं मी ठरवून घेतलं. शेवटी तो सगळ्या जगाचं संकट छातीवर घेतो आणि जळून खाक होतो. पडद्यावर नुसती राख. आता नावं सुरू होणार, हे मी इतक्या वर्षांच्या सवयीने ओळखलं आणि उठलो. फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पहिली दहा माणसं आली ती मोटरसायकल गर्दीच्या आधी काढायला पळत आली. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘मेला राव. असं नव्हतं करायला पायजे.’

वाक्य मिळालं. मी ऑटोत बसलो आणि आमचा ऑटोवाला नामदेव याला म्हणालो, ‘बोरी.’

बोरीच्या स्टँडसमोर साडेचारला गर्दी बरी होती. मी घसा साफ केला. ‘बंधूंनो, भगिनींनो! ज्याने पहिल्या भागात जग वाचवलं, तो उल्कामानव या भागात शेवटी मरतो! होय, मरतो! असं नव्हतं करायला पाहिजे, असं लोक रडत रडत म्हणतात! परभणीला या आणि स्वतःच्या डोळ्याने रडा!’

तिसऱ्या वेळी ‘मरतो’ म्हणालो आणि भोंगा बंद पडला. बॅटरी गेली म्हणून मागं पाहिलं, तर पंचविशीचा एक गडी वायर हातात धरून उभा होता. त्याने ती उपसली होती. एका हातात वायर, दुसऱ्या हातात नवीन ताडपत्रीची घडी. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता मारणार. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘काका,’ तो म्हणाला, ‘कायला सांगितलं हो?’

त्याचं नाव दत्ता. ऊसतोडीच्या टोळीतला. सोमवारी सकाळी त्यांची गाडी भरून खाली साखर कारखान्याकडं निघणार होती, पाच-सहा महिन्यांसाठी. ताडपत्री त्यासाठीच घेतलेली, तिकडं राहायच्या पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर टाकायला. त्याने वायर माझ्या हातात दिली आणि ऑटोच्या फूटबोर्डवर बसून सांगायला लागला.

‘ह्याचा पैला भाग लागला तवा आमी तिकडं होतो. परत आलो तवा गावातल्या बारक्या पोरायलाबी शेवट पाठ. दर साली असंच, काका. आमी येतो तवा सगळ्या पिच्चरचं सगळ्यायला सगळं ठाव असतंय. आमी मागून फोनवर बघतो, कोपीत, एका फोनवर सात जनं. कळलेलाच पिच्चर बघायचा. ह्यो पैलाच असा हाय जो आमच्या निघायच्या आदुगर लागलाय. टोळीतले तीस जनं रविवारी तीनच्या खेळाला यायलेत. दोन पिकअप ठरविल्यात. एकदा तरी म्हनलं, आमाला आदी ठाव नसावं. कुनी सांगू नये म्हनून मी चार दिवसापासून फोन बंद करून ठिवलाय.’

फोन बंद होता त्याचा. भोंगा माझा चालू होता.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘अरे, पण बघायला मजा येतेच की.’

‘आता फोनवरच बघू की,’ तो उठत म्हणाला. ‘मेलेला मानूस बघायला पिकअप कायला पायजे?’

त्याच्यामागं त्याची आई उभी होती, गयाबाई. डोक्यावर पीठमिठाचं गाठोडं. माझ्याच वयाची, चार-दोन वर्षं लहान असेल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न बोलता. नंतर दोन दिवस मला वाटत राहिलं की ती बोलली असती तर बरं.

परतीच्या वाटेवर मी पुकारा केला नाही. नामदेवने दोनदा आरशातून माझ्याकडं पाहिलं. ‘सुटलेला आवाज परत येत न्हाई,’ तो म्हणाला. नामदेव दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक त्याने असं खर्च केलं.

मला ते झोंबलं. कारण धंद्यात मला एक गोष्ट त्याच्यापेक्षा जास्त कळत होती. आठवडी बाजारात तुमच्या शेजारी दुसरा भोंगा येऊन उभा राहिला तर तुम्ही काय करता? त्याचा आवाज बंद करता येत नाही. तुम्ही तुमचा वाढवता. मग तिसरा येतो, चौथा येतो, आणि दहा मिनिटांत कुणालाच कुणाचं काही कळेनासं होतं. आवाज परत येत नाही, पण त्याच्यावर दुसरे आवाज टाकता येतात.

‘नामदेव,’ मी म्हणालो, ‘या दत्ताच्या सोयरिकी कुठं कुठं हायत?’

नामदेव मूळचा बोरीकडचाच. ‘बहीण पिंगळीत दिलीय. सासुरवाडी पालम.’

‘उद्या पिंगळी आणि पालम.’

रविवारी तीन वाजेपर्यंत उल्कामानवाचं शेवटी काय होतं हे परभणी जिल्ह्यात कुणालाही खात्रीने सांगता येऊ नये, असं मी त्या ऑटोत बसून ठरवलं. दत्ताच्या डोक्यातून शेवट काढता येणार नव्हता. पण त्याच्या शेजारी एवढे शेवट आणून बसवायचे, की खरा कोणता हे त्याला बघितल्याशिवाय कळू नये. खोटं बोलायचं होतं, आणि माईकवर खोटं बोलण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

परभणीत आलो तेव्हा तीनचा खेळ सुटत होता. मी धावत फाटकावर गेलो, माईक लावला आणि बाहेर येणाऱ्यांना हात जोडले. ‘मायबाप, जे पाहिलं ते पोटात ठेवा! कुणी विचारलं तर मनानं काहीही सांगा, पण खरं सांगू नका! बोरीची पोरं सोमवारी ऊस तोडायला निघालीत. त्यांना रविवारी पहिल्यांदा कोरा चित्रपट बघू द्या!’

लोक थांबले. मला वाटलं, हसतील आणि जातील. हसले, पण थांबले. कॉलेजच्या चार-पाच पोरी होत्या, अंगावर उल्केच्या चित्राचे टीशर्ट. त्यातली एक म्हणाली, ‘काका, ह्ये तर लय भारी हाय. आमी आत्ता टाकतो स्टेटसला.’ दुसरी म्हणाली, ‘आन् तुमी बोरीत सांगितलेला शेवट तर एकदम खतरनाक! आमी बी तोच सांगनार एकेकाला.’

बोरीची बातमी माझ्याआधी परभणीत पोचली होती. पोरगी टोमणा मारतेय असं समजून मी मान खाली घातली.

आमचा ऑपरेटर सलीमभाई वरून खाली चहा प्यायला आला होता. तीस वर्षं तो वर प्रोजेक्टर मशीनच्या खोलीत आहे. प्रत्येक चित्रपट तो पुरा बघतो, कारण त्याला खाली उतरताच येत नाही. त्यालाही मी बजावलं, ‘सलीमभाई, कुनी विचारलं तरी शेवट सांगू नको.’

त्याने बशीत चहा ओतला. ‘किसी को बी?’

‘कुनालाच.’

‘तुमालाबी?’

‘मला काय सांगतो? मी तर बघितलाय.’

‘अच्छा,’ सलीमभाई म्हणाला आणि बशी तोंडाला लावून बराच वेळ काढली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही पिंगळीत शिरलो. स्टेशनच्या वाटेवर भोंगा लावला. ‘ऐका हो! उल्कामानव शेवटी लग्न करतो! दोन्ही ग्रहांकडची वऱ्हाडी मंडळी हजर आहेत, आपणही आहेर न आणता यावं!’ दत्ताच्या बहिणीचं घर नामदेवला माहीत होतं. तिथं त्याने ऑटो मुद्दाम बंद पाडली. मी ते लग्न चार वेळा लावलं. बाई दारात येऊन, हात कमरेवर ठेवून पूर्ण ऐकून गेली.

पालममध्ये बाजाराच्या चौकात मी सांगितलं की हे सगळं त्याला पडलेलं स्वप्न असतं आणि शेवटी त्याची आई त्याला उठवते. हे मला स्वतःलाच एवढं आवडलं की पुढच्या गल्लीत मी त्यात ‘म्हशी सोडायच्या राहिल्यात’ एवढं जोडलं. एक म्हातारा ऑटोच्या बाजूने चालत आला आणि विचारलं, ‘मंग शक्ती गेली का त्याची?’ मी म्हणालो, ‘म्हशीसमोर कुनाची चालते, बाबा?’ तो म्हणाला, ‘ह्ये खरं हाय.’ आणि समाधानाने परत गेला. दत्ताच्या सासऱ्याच्या चहाच्या हॉटेलासमोर नामदेवने पुन्हा ऑटो बंद पाडली. त्याला या कामाची गोडी लागली होती. त्या दिवशी तो अकरा वाक्यं बोलला.

इकडं परभणीत पोरींनी आग लावून दिली होती. संध्याकाळपर्यंत माझ्याच फोनवर शेवटांचे व्हिडिओ यायला लागले. ज्यांनी चित्रपट पाहिला ते, न पाहिलेले, ज्यांना उल्कामानव म्हणजे काय हेही माहीत नाही ते, सगळे आपापला शेवट सांगत होते. कुणी टॉकीजच्या पायऱ्यांवर उभं राहून डोळे पुसत सांगत होतं की उल्कामानव शेवटी जिल्हा परिषदेत कायम होतो. एका पोराने शपथेवर सांगितलं की तो आपली सगळी शक्ती पणाला लावून जिंतूरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळवतो. एक आजी, नातवाने समोर फोन धरलेला, ठासून सांगत होती, ‘शेवटी त्याला बुद्धी येती. येवढंच बास हाय.’ चित्रपट बघून आलेल्यांना तर यात जास्तच मजा येत होती. खरं पोटात ठेवून तोंडाने थापा मारायच्या, आणि दुसरा बघून आलेला भेटला की दोघांनी डोळे मिचकावायचे. इतकी वर्षं मी फाटकावर लोकांचं पहिलं खरं वाक्य पकडत आलो. लोक खोटं बोलताना एवढे खूश असतात, हे मला माहीतच नव्हतं.

पण ही सगळी करमणूक परभणीत. बोरीत काय चाललंय ते कळत नव्हतं. रविवारी सकाळी मी नामदेवला घेऊन निघालो. भोंगे काढून ठेवले होते. त्या गावात आता तोंड घेऊन जायचं होतं, आवाज नाही.

दत्ता अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. बाजूला अंथरुणं बांधून ठेवलेली, तवा, पातेली, घागर एका पोत्यात. पिकअप दिसत नव्हती.

मला बघून त्याने धार लावायचं थांबवलं नाही. ‘आईच्या फोनवर बहिनीचा फोन आलता,’ तो म्हणाला. ‘लगीन होतंय म्हनली.’

‘असं म्हणाली?’

‘सासरे म्हनले सपान होतं. म्हशी सोडायच्या ऱ्हायल्यात म्हनले. टोळीतल्या किसनचा साडू म्हनतोय त्यो नोकरीला लागतो. काल सांच्याला पाराव ह्याच्यावरून भांडनं झाली.’ आता त्याने कोयता खाली ठेवला. ‘काका, खरं काय हाय?’

‘मला नाही माहीत,’ मी म्हणालो. हे बोलताना मी खोटं बोलतोय असं मला वाटत होतं.

‘तुमी तर बघितलाय.’

‘बघितलाय. पन मी दोन दिवसांत इतकं खोटं बोललोय, की मी सांगितलेलं कुठलंही खरं कशावरून धरतोस?’

अंगणात टोळीतले चार-पाचजण जमले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘मरत नसंल बे. मरनार आसता तर ह्यो मानूस भोंग्यात सांगंल का?’ दुसरा म्हणाला, ‘ह्यो मानूस कायबी सांगंल.’ दोघांचंही म्हणणं मला पटलं.

‘बरं,’ दत्ता शेवटी म्हणाला, ‘आमी येतो. पन एक शर्त. तुमी आमच्यासंगं बसायचं. पार शेवटपत्तोर. मधून पळायचं न्हाई. शेवट यायच्या आदी मी तुमच्या त्वांडाकडं बघनार. खोटं असंल तर कळंल मला.’

‘कबूल.’

‘मीबी येते,’ घरातून गयाबाईचा आवाज आला. ती जन्मात टॉकीजमध्ये गेली नव्हती. ‘दोन दिस झालं नुसता शेवट शेवट. हाय तरी काय त्यो, बघू.’

तीनच्या खेळाला बोरीच्या दोन पिकअप टॉकीजच्या आवारात शिरल्या तेव्हा हलगी वाजत होती. मालकांनी हलगी आत न्यायला आधी नाही म्हटलं, मग टोळीकडं पाहिलं आणि हो म्हटलं. टोळीने मधल्या तीन रांगा भरल्या. मला दत्ता आणि गयाबाई यांच्या मध्ये बसवलं, चोराला दोन पोलिसांच्या मध्ये बसवतात तसं.

उल्कामानवाने पहिली उडी मारली आणि हलगी कडाडली. अशी मजा मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, कारण मी खेळात कायम माझं वाक्य शोधत बसायचो. ही पोरं बघत होती. सगळ्या अंगाने बघत होती. वैरी मागून यायला लागला की तीस जणं एकदम ‘मागं बघ, मागं!’ असं ओरडायची. कोपीत सात डोकी एका फोनवर वाकवून बघणारी माणसं, त्यांना आज मान वर करून बघायला मिळत होतं. गयाबाईला वैऱ्याचा राग आला होता आणि ती तो माझ्या दंडावर काढत होती.

मग ते आलं. तो छाती पुढं करून उभा राहिला. दत्ताने वळून माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहिलं. पण माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं, आणि त्याला जे वाचायचं होतं ते त्याने वाचलं. पडद्यावर राख पडली. हलगी गप्प झाली. दत्ता पुढं बघत होता, पण त्याचे खांदे खाली आले होते. दोन दिवसांची सगळी धावपळ, लग्न, स्वप्न, म्हशी, सगळं त्या राखेत गेलं. त्याला शेवट आधी माहीत होता, आणि तो मीच सांगितला होता.

नावं सुरू झाली. आजूबाजूची माणसं मोटरसायकली काढायला पळाली. मीही उठलो. सवय म्हणून, आणि दत्ताकडं बघवेना म्हणून.

त्याने माझा सदरा धरून खाली ओढलं. ‘बसा, काका. पार शेवटपत्तोर ठरलंय.’

‘अरे, संपला की.’

‘नावं संपल्याबिगर संपत न्हाई ह्ये. पैल्या भागात नावं झाल्यावर बी होतं म्हनं थोडं. आमच्या फोनची बॅटरी नेमकी तवाच जाती.’

मी बसलो. नावं, नावं, नावं. इतक्या लोकांनी मिळून एका माणसाला जाळलं होतं. पडदा काळा झाला. पुसट उजेड आला. तीच राख. वारा सुटला, राख जराशी हलली. मग तिच्यातून एक बोट वर आलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी खुर्चीवर उभा होतो. ‘मेला न्हाई! मेला न्हाई!’ असं कोण ओरडतंय म्हणून मी बघितलं, तर मीच. हलगी फुटेल अशी वाजत होती. दत्ताने मला मिठी मारली, सोडली, पुन्हा मारली. तीस जणं रांगांवरून उड्या मारत एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्यांना माहीत नव्हतं! कुणालाच माहीत नव्हतं! वर मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून सलीमभाईचे दात दिसत होते. तेव्हा मला त्याची बशी आठवली, आणि त्या टीशर्टवाल्या पोरींचं ‘खतरनाक’ही. अख्ख्या परभणीने माझी सगळ्यात मोठी थाप म्हणून तो मृत्यू डोक्यावर घेतला होता, आणि मी एकटा तो खरा धरून रडत होतो. माझी इमानी पहिली दहा माणसं! त्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त मोटरसायकल काढायची घाई होती. तशीच घाई मला आयुष्यभर होती.

खुर्चीवरून उतरताना एक हिशोब मनात आला आणि तो मी पुरा केला नाही: फाटकावर लवकर पोचण्यासाठी मी किती शेवट सोडले असतील? त्या रडक्या चित्रपटातली ती बाई तरी नक्की मेली होती का?

बाहेर नामदेव ऑटो घेऊन उभा होता. त्याने भोंगे परत चढवले होते, मशीन चालू होतं. टोळी नाचतच बाहेर आली. माझा हात आपोआप माईककडं गेला. जुनी खोड. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा टॉकीज बघितलेल्या माणसाचं पहिलं वाक्य पकडावं, ते तरी खरं असेल. मी गयाबाईसमोर माईक धरला.

‘ताई, कसा वाटला शेवट? सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.’

तिने माईककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. शुक्रवारपासून ती मला न बोलता बघत होती. आता ती बोलली, आणि दोन्ही भोंग्यांतून ते पार रस्त्यापलीकडं गेलं.

‘भाऊ, तुमी इतकी वर्सं लोकायला शेवट सांगायलाव. एकदा बघून तरी सांगत जा.’